गोटीचा देठ

जुन्या काचेच्या गोट्या जमवायच्या नादाला लागले, तेव्हा माझी एक पक्की समजूत होती : जुनी गोटी कुठली आणि नवी कुठली, हे आपल्याला बघताक्षणी कळणार. या समजुतीला आधार काय, तर इचलकरंजीत लहानपणी अंगणात भावांबरोबर खेळलेल्या गोट्या आणि फ्रॉकचा खिसा फाटेपर्यंत जिंकलेला माल. शिवाय मी आता राहते ते गाव. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं ॲक्रन जगाला टायरांमुळे माहीत आहे, आणि मीही इथे आले ती रबराच्या धंद्यातल्या नोकरीमुळेच. पण मोटारीचे टायर निघण्याच्या आधीपासून इथे गोट्या निघत होत्या. सॅम्युएल डाइक नावाच्या माणसाने १८८०च्या दशकात मातीच्या गोट्या घाऊक प्रमाणात पाडायला इथेच सुरुवात केली. पुढे काचेच्या गोट्या यंत्रावर गोल करण्याची कल्पना याच गावात साकार झाली. खेळातल्या गोट्यांचं एक संग्रहालयही गावात उघडलं. अशा गावात राहून आपल्याला गोटी ओळखता येणार नाही तर कोणाला, असं मला मनापासून वाटायचं.

पहिली मोठी खरेदी एका एस्टेट सेलमध्ये केली. घरातलं म्हातारं माणूस गेलं की इथे कपबशीपासून कपाटापर्यंत सगळ्यावर किमतीच्या चिठ्ठ्या लावून त्या घरातच विक्री मांडतात. तिथल्या तळघरात लोणच्याच्या बरणीत गोट्या होत्या. त्यातली एक मी खिडकीशी नेऊन पाहिली. पांढऱ्या काचेतून लाल पट्टा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुरेख पीळ घेत गेला होता. यंत्राला असा पीळ कुठला जमायला, हे काम हाताचंच, असं मी ठरवून टाकलं आणि त्या एका गोटीचे ४० डॉलर मोजले.

गोटी यंत्राचीच होती, ॲक्रो ॲगेट कंपनीची. ॲक्रनमध्ये निघालेली ही कंपनी १९१४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला गेली आणि १९५१ मध्ये बंद पडेपर्यंत तिने गोट्यांचे ढीग पाडले. दोन रंगांची वितळलेली काच एकत्र खाली उतरत असताना तिला गोल फिरवायचं, म्हणजे पट्ट्याला आपोआप पीळ पडतो, ही सोय त्यांच्या यंत्रातच होती. जमवणारे या गोटीला कॉर्कस्क्रू म्हणतात. चांगली आणि खूप जणांची आवडती गोटी आहे ती. माझ्या त्या गोटीचा दोष एवढाच, की मी तिचे पैसे भलत्याच गोष्टीसाठी दिले होते.

यातला लाजिरवाणा भाग पुढे आहे. वस्तू बघून ती कशी तयार झाली हे सांगणं हे नोकरीतलं माझं रोजचं काम. साच्यातून निघालेला रबराचा तुकडा टेबलावर आला, की आम्ही आधी त्याच्या कडा बघतो. साच्याचे दोन भाग कुठे मिळाले त्याची रेघ, माल आत शिरला त्या गेटचा ठिपका, फटीतून बाहेर आलेली फ्लॅश. या तीन गोष्टी दिसल्या की साचा डोळ्यांपुढे उभा राहतो. त्या तुकड्याचा रंग कोणता होता, हे संध्याकाळी विचारलं तर आठवतही नाही. आणि हीच मी सुट्टीच्या दिवशी गोटी हातात घेतली की फक्त रंग बघत होते.

हे माझ्या ध्यानात आणून दिलं ते एका जुन्या संग्राहकांनी. गोट्या जमवणाऱ्यांचे मेळावे भरतात, हॉटेलच्या दालनात टेबलं मांडून लोक गोट्या बघतात, विकतात, अदलाबदल करतात. तिथे मी माझी लाल पिळाची गोटी त्यांच्यापुढे ठेवली आणि विचारलं, "ही जुनी आहे ना?" त्यांनी भिंग माझ्याच हातात दिलं आणि म्हणाले, "जुनी का नवी ते राहू द्या. ही कांडीपासून कुठे तुटली, तेवढं मला दाखवा." मी गोटी बराच वेळ फिरवत राहिले. दोन्ही टोकं गुळगुळीत होती. तुटलेली जागा नव्हतीच.

त्यांचा प्रश्न कळायला हाताची गोटी कशी होते हे माहीत असावं लागतं, आणि माझी तिथेच पाटी कोरी होती. जुन्या काचेच्या गोट्यांचं माहेर म्हणजे जर्मनीतल्या थुरिंगियाच्या डोंगरांतलं लाउशा. १५९७ मध्ये तिथे काचेची भट्टी पेटली आणि १८४०च्या दशकात तिथल्या कारागिरांना गोट्यांची कात्री सापडली. कारागीर आधी रंगीत काचेच्या काड्या स्वच्छ काचेच्या तापलेल्या गोळ्यावर बसवत, त्यावर स्वच्छ काचेचा आणखी एक थर घेत, वाटलं तर बाहेरूनही रंगीत पट्टे लावत. मग तो जाडजूड गोळा ओढत आणि पिळत लांब कांडी करायची. कात्रीच्या एका पात्याला खोलगट वाटी असे. कांडीचं मऊ टोक त्या वाटीत फिरवून गोल करायचं, दुसऱ्या पात्याने मागची मान आवळत आणायची, आणि शेवटी गोटी कांडीपासून सुटायची, फळ देठापासून सुटतं तशी. सुटली तिथे खरखरीत खूण राहायची. समोरच्या टोकाला आधीची गोटी सुटल्याची खूण असायचीच. या खुणेला जमवणारे पॉन्टिल म्हणतात. मी मनातल्या मनात देठ म्हणते. कांडीच्या मधल्या गोटीला असे दोन देठ असतात, आणि आतला प्रत्येक धागा एका देठापासून निघून दुसऱ्या देठाशी जाऊन संपतो, कारण तो कांडीबरोबरच ओढला गेलेला असतो.

एवढं कळल्यावर मी सुधारले असं वाटेल. मी फक्त चुकांची जात बदलली. आता मला जिथे तिथे देठ दिसू लागले. टवका उडालेली कुठलीही गोटी मी हाताची म्हणून घरी आणायचे. टवका आणि देठ यांतला फरक भिंगाखाली स्पष्ट दिसतो. थंड काचेचा टवका उडतो तेव्हा आतली जागा चकचकीत निघते, तिच्यात शिंपल्यावर असतात तशा लाटा असतात आणि कडा धारदार असते. देठ काच मऊ असतानाच आवळलेला असतो, त्यामुळे तिथे काच दुमडलेली आणि कडा विरघळल्यागत दिसते. मधोमध थोडी खरखर असली तरी ती त्या दुमडीच्या आतच राहते. शिवाय टवका कुठेही असेल. देठ मात्र धागे जिथे एकत्र येतात तिथेच सापडेल. ही दुसरी खूण बघायला भिंगही लागत नाही. मी ती बघत नव्हते, कारण टवका सापडल्याच्या आनंदात मी पुढे बघायचंच सोडून द्यायचे.

मग एका अँटिक मॉलमध्ये एकच देठ असलेली गोटी मिळाली. गडद हिरव्या काचेत पांढरा रंग, वरच्या बाजूला त्या पांढऱ्याने नऊच्या आकड्यासारखं वळण घेतलेलं आणि खालच्या बाजूला एक बारीक कापल्याची रेघ. दुमडलेली काच आहे, विरघळलेली कडा आहे, म्हणजे लाउशाची, असा मी निकाल दिला आणि घरी फोन करून तो नवऱ्यालाही ऐकवला. ती निघाली माझ्याच गावची. डेन्मार्कहून आलेल्या मार्टिन क्रिस्टेन्सन यांनी ॲक्रनमध्ये गोळे गोल करणारं यंत्र बांधलं, त्याचं पेटंट त्यांना १९०५ मध्ये मिळालं आणि त्यांचा कारखाना १९१७ पर्यंत चालला. तिथे भट्टीतली काच सळईच्या टोकावर घेणारा माणूस होता. तो सळई यंत्रावर धरायचा, काच ओघळायची, योग्य तेवढी उतरली की कात्रीने कापली जायची. सळई फिरवत धरल्यामुळे तो नऊचा आकडा यायचा, कात्रीमुळे खालची रेघ, आणि गोल करायचं काम यंत्र करायचं. अशी गोटी अर्धी हाताची आणि अर्धी यंत्राची असते. मला मात्र एकतर हाताची नाहीतर यंत्राची असे दोनच कप्पे माहीत होते, आणि तिला बसवायला तिसरा कप्पा करायला मी फार वेळ लावला. ॲक्रनमध्ये राहून ॲक्रनचीच गोटी ओळखता आली नाही, यावर घरात बरेच दिवस विनोद झाले.

वजन, बुडबुडे आणि गोलाई या तीन कसोट्या मी स्वतःच शोधून काढल्या होत्या आणि तिन्ही कुचकामी निघाल्या. साध्या काचेची घनता पाण्याच्या अडीचपट असते, मग ती काच १८७० मधली असो की गेल्या महिन्यातली. त्यामुळे तळहातावर जड लागते म्हणून जुनी, याला काही अर्थ नाही. बुडबुडे जुन्या काचेत असतात तसे स्वस्त नव्या काचेतही असतात. ओट्यावर गोटी घरंगळत सोडून ती वाकडी जाते का हे बघणं त्यातल्या त्यात बरं, पण यंत्राच्या गोट्याही थोड्या बेढब निघतात आणि आमचा ओटाच सपाट नाही हे मला नंतर कळलं.

त्यानंतर मी अतिनील दिवा घेतला. अंधारात एक पिवळसर गोटी त्या दिव्याखाली पोपटी चमकली आणि मी हरखून गेले. काचेत युरेनियम घातलेलं असलं की ती अशी उजळते. मँगनीज असलं तरी फिकट हिरवी झाक येते. म्हणजे दिव्याने मला काचेत काय घातलंय ते सांगितलं होतं. ते कधी घातलं, हे मी माझ्या पदरचं जोडलं. युरेनियमची काच आजही लोक बनवतात, आणि माझी ती गोटी अशाच एका हल्लीच्या कारागिराची होती. दिवा अजून माझ्याकडे आहे, चांगला आहे, फक्त त्याला कॅलेंडर कळत नाही.

या सगळ्यात विकणारे लबाड होते असं म्हणायला मला आवडलं असतं. एकदा तसं म्हणायच्या बेताने मी एका विक्रेत्याला गाठलंही होतं. जाळीदार गाभ्याची मोठी गोटी, आत पांढऱ्या धाग्यांची पिळलेली जाळी, बाहेर निळे-पिवळे पट्टे, दोन्ही टोकांना देठ, धागे देठापासून देठापर्यंत. या वेळी मी सगळं तपासलं होतं. जर्मन, एकोणिसाव्या शतकातली, अशी मी मैत्रिणींमध्ये दवंडी पिटली. मेळाव्यातल्या संग्राहकांनी मात्र ती हातात घेतल्याबरोबर विचारलं, ही खेळलेली का नाही दिसत? खेळलेल्या काचेच्या गोटीवर बारीक चंद्रकोरी असतात. आदळल्यावर वरचा थर न उडता आतच कोरीच्या आकाराचा तडा जातो, त्याला इथे मूनच म्हणतात. माझ्या गोटीवर एकही चंद्रकोर नव्हती. देठही व्यवस्थित घासून सपाट केलेला होता. न खेळलेली जुनी गोटी मिळत नाही असं नाही, आणि जुन्या कारागिरांनीही काही देठ घासलेले आहेत. पण हातांनी गोट्या करणं थांबलेलं नाही. १९६०च्या दशकानंतर अमेरिकेत स्वतःची छोटी भट्टी लावून काम करणारे काच-कलावंत झाले, त्यांतले कितीतरी याच पद्धतीने गोट्या करतात, आणि लाउशातही हे काम चालू आहे. मी पावती काढून विक्रेत्यापुढे धरली. त्याने ती मलाच वाचायला लावली. त्यावर हाताने बनवलेली असं लिहिलं होतं, आणि ते खरंच होतं. जुनी हा शब्द पावतीवर कुठेच नव्हता. तो मी वाचताना घातला होता.

त्या दिवशी मला माझ्या सगळ्या चुकांमधला समान धागा सापडला. काचेवर वय कुठेही लिहिलेलं नसतं. काचेवर लिहिलेली असते ती फक्त कृती : कुठून ओढली, कुठे कापली, कशावर टेकली, कशाने गोल केली. कृतीवरून वयाचा अंदाज बांधता येतो, कारण कोणती रीत कधी आणि कुठे चालत होती हे माहीत असतं. पहिल्या महायुद्धात जर्मनीचा माल अमेरिकेत येणं थांबलं आणि तोवर इथली यंत्रं तयार झाली होती. १९५०च्या दशकात जपानहून स्वच्छ काचेत रंगीत पात्या असलेल्या कॅट्स आय गोट्यांचा लोंढा आला आणि अमेरिकन कारखान्यांनाही त्या काढाव्या लागल्या. अशा गोष्टींनी काळ ठरतो. पण हा अंदाज दुसरी पायरी आहे. मी दरवेळी पहिली पायरी गाळून थेट दुसरीवर उडी मारत होते, कारण मला गोटी जुनी असायला हवी होती.

हवेपण माणसाला काय काय करायला लावतं, याची दोन उदाहरणं सांगते. जमवणाऱ्यांमध्ये एका प्रकाराला इंडियन म्हणतात. काळी अपारदर्शक काच, वरून रंगीत पट्टे, दोन्ही टोकांना देठ. एका टेबलावर ही पाटी वाचून माझा ऊर भरून आला. आपल्या देशातून त्या काळी एवढी सुबक काच इथे येत होती, या आनंदात मी घासाघीससुद्धा केली नाही आणि महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ती गोटी चार जणांना दाखवून भारतीय काचकामावर छोटं भाषणही दिलं. हा प्रकारही जर्मनच. पट्टे देठापासून देठापर्यंत पिळलेले होते, बाकीच्या जर्मन गोट्यांत असतात अगदी तसेच. ते माझ्या डोळ्यांसमोर असूनही मला दिसले नाहीत.

दुसरं इचलकरंजीतलं. सुट्टीत गेले असताना माळ्यावरच्या डब्यात एक हिरवट गोटी मिळाली. पट्टे नाहीत, आत बुडबुडे, पृष्ठभाग घासून अंधुक झालेला. आजोबांच्या वेळची आयात केलेली असणार, असं म्हणत मी ती रुमालात गुंडाळली. दादा जेवता जेवता हसायला लागला. "अगं, ती सोड्याच्या बाटलीतली आहे. मीच बाटली फोडून काढली होती आणि बाबांचा मार खाल्ला होता. तुला आठवत नाही, तू तिथेच उभी होतीस." इंग्लंडच्या हायरम कॉड यांनी १८७० च्या सुमारास ही बाटली काढली. आतल्या वायूचा दाब गोटीला वर रेटतो, ती गळ्यातल्या रबरी चकतीवर घट्ट बसते आणि सोडा आत कोंडून राहतो. अशा गोटीचं काम नुसतं गोल असणं एवढंच, म्हणून तिच्यात रंग नसतो, पीळ नसतो. मी आयुष्यभर रबराच्या सीलचा अभ्यास केला, गावातला गोटी सोडा पिऊन मोठी झाले, आणि ती गोटी मला जर्मनीची वाटली. बिनरंगाच्या स्वच्छ गोट्यांनी मला पुढेही फसवलं. ग्लास फायबर काढण्यासाठी काच आधी गोट्यांच्या रूपात करून कारखान्यांना पाठवत असत. मालगाडीतून सांडलेल्या अशा फिकट हिरव्या गोट्या इथे रुळांच्या कडेला सापडतात. त्यांची एक पिशवी मी साध्या जर्मन गोट्या म्हणून आणलेली आहे. त्या कधी कोणी खेळल्याही नव्हत्या.

आता जी चूक सांगणार आहे तिने पैशांपलीकडचं नुकसान केलं. बाकीच्या चुकांत मी गोटीला चुकीचं नाव दिलं. यात मी चांगल्या गोटीचं वाटोळं केलं. सुरुवात पुसण्या-धुण्यापासून झाली. जानेवारीत गाडीत राहिलेली पिशवी घरी आणून मी थेट नळाच्या कढत पाण्याखाली धरली, आणि त्यातली एक जाड गोटी हातातच तडकली. बाहेरचा थर एकदम तापून फुगतो, आतला थंडच राहतो, आणि काच तो ताण सहन करत नाही. पदार्थविज्ञान शिकलेल्या बाईला हे वेगळं सांगायला नको होतं.

यातूनही शहाणी न होता मी पॉलिशकडे वळले. एक खरी जुनी, जाळीदार गाभ्याची गोटी मला मिळाली होती. ती खरी आहे हे चार जाणत्यांनी पाहून सांगितलं होतं. पण तिच्यावर चंद्रकोरीच चंद्रकोरी होत्या, आतली जाळी धुक्याआड गेल्यासारखी झाली होती. आमच्या गॅरेजमध्ये घासण्याचं चाक आहे आणि काचेला झिलई आणायला सीरियम ऑक्साइडची भुकटी लागते हे मला ठाऊक होतं. एक थर काढला, चंद्रकोरी गेल्या, जाळी लखलखली. मग टोकांची खरखर डोळ्यांत खुपायला लागली. तीही काढली. संध्याकाळी हातात एक निर्दोष, चमकदार गोळा होता आणि मी खूश होते.

मेळाव्यात त्या संग्राहकांनी भिंग लावलं, दोन्ही टोकं पाहिली आणि गोटी हलकेच परत ठेवली. "हाताची आहे हे आतल्या जाळीवरून अजून कळतं," ते म्हणाले, "पण टोकं गेली. पुढे कोणाला द्याल तेव्हा पॉलिश केलेली आहे असं सांगून द्या." जास्त काही बोलले नाहीत. दीडशे वर्षं टिकलेला पुरावा मी एका दुपारी पुसला होता, आणि तोही मला ज्या खुणेसाठी ४० डॉलर वाया घालवावे लागले तीच खूण. पुसायचं कारण काय, तर ती मला घाण वाटली. याच सुमारास एका दुकानात मी तपकिरी झिलईच्या मातीच्या गोट्यांवरचे उघडे ठिपके दाखवून किंमत पाडून मागितली होती. भट्टीत गोट्या एकमेकींना टेकतात तिथे झिलई धरत नाही, म्हणून ते ठिपके पडतात. बेनिंग्टन नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोट्या लोक या ठिपक्यांवरूनच पारखतात. दुकानदारबाईंनी मला हे शांतपणे समजावलं आणि किंमत एक डॉलरनेही कमी केली नाही.

पॉलिशच्या प्रकारानंतर मी इतकी सावध झाले, की त्या सावधपणानेच एकदा दगा दिला. एका फ्ली मार्केटात पत्र्याच्या ताटलीत लिंबाएवढी स्वच्छ काचेची गोटी होती आणि आत चंदेरी झाक असलेली मेंढी. मी उचलली, भिंग लावलं, देठ मोजले. एकच निघाला. हाताच्या गोटीला दोन देठ असतात, हिला एक आहे, म्हणजे नवी नक्कल, असा हिशेब करून मी १५ डॉलरची ती गोटी खाली ठेवली. माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसाने ती लगेच उचलून पैसे दिले. आकृती असलेल्या या गोट्या कांडीतून काढतच नाहीत. पांढऱ्या मातीची छोटी आकृती तापवून ती सळईवरच्या काचेच्या गोळ्यात बसवतात, आणि असा एकेक गोळा सळईपासून सुटा करतात. मग देठ एकच राहणार. चंदेरी झाक आकृतीभोवती अडकलेल्या हवेच्या पातळ थराची असते. हे सगळं मी वाचलेलं होतं. पण बाजारात उभी राहून मी कृतीचा विचार केलाच नाही, नुसती पाठ केलेली संख्या ताडून पाहिली. ती गोटी जुनीच होती असं माझं म्हणणं नाही. नकलाही निघालेल्या आहेत. पण ज्या कारणाने मी ती नाकारली, ते कारण चूक होतं.

नव्याने जमवायला लागलेल्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे फार नाही. रंगाकडे शेवटी बघा. आधी दोन्ही टोकं शोधा. सापडली तर धागे तिथपर्यंत जातात का ते बघा. टोकं नसतील तर यंत्राची रेघ, वळण, पात्यांची ठेवण बघा. उजेड बाजूने आडवा पडेल अशी गोटी धरा, म्हणजे पृष्ठभागावरच्या चंद्रकोरी आणि पॉलिश दोन्ही दिसतात. सगळीकडे एकसारखा अंधुकपणा असेल तर तो खेळून आलेला नाही, कोणीतरी घासून आणलेला आहे अशी शंका घ्या. गोटी कोमट पाण्याहून गरम काही लावून धुऊ नका. गोट्या जुन्या पेटीत आहेत म्हणून पेटीच्या वयावर जाऊ नका. रिकाम्या पेट्याही विकल्या जातात. आणि विकत घेण्याआधी जितक्या जमतील तितक्या खऱ्या गोट्या हातात घेऊन बघा, कारण फोटोत देठ दिसत नाही.

माझ्या वहीत आता प्रत्येक गोटीपुढे दोन रकाने आहेत. पहिल्यात ती कशी झाली ते लिहिते, भिंगातून जेवढं दिसलं तेवढंच. दुसऱ्यात ती कधी झाली ते. पहिला रकाना बहुतेक भरलेला आहे. दुसऱ्यात काही ठिकाणी एखाद्या शतकाचा पूर्वार्ध किंवा उत्तरार्ध आहे, आणि बरीच घरं रिकामी आहेत. नवऱ्याने परवा वही चाळून विचारलं, "अगं, हा दुसरा रकाना असा अर्धवट का सोडलायस?" मी म्हटलं, आजवरचे सगळे पैसे त्याच रकान्यात गेलेत, आता तिथे जपून खर्च करते.